नेट लावली तरी पश्चिमेची खोली तापतेच? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

नाशिकच्या अंबडला माझं ग्रिल आणि शेडचं काम आहे. होळी झाली की फोन सुरू होतात, आणि बहुतेक फोनवर वाक्य एकच असतं: "दादा, नेट लावली, तरी खोली तापतेच." नेट म्हणजे ऊन अडवायची जाळी, शेडनेट. कुणी लावली विचारलं तर कधी वॉचमनने, कधी नर्सरीवाल्याने, आणि दोनदा तर मीच लावलेली निघाली. तेच तेच दुखणं इतक्यांदा पाहिलंय की आता एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या फोनला हेच पाठवेन.

आधी लक्षणं

घर तापतं म्हणजे नक्की कधी तापतं, हे कुणी सांगत नाही. "दिवसभर हो" असं उत्तर येतं. ते खरं नसतं. नीट विचारलं की पुढच्यापैकी एखादं चित्र निघतं.

खोली चारपर्यंत बरी असते. साडेचार-पाचला एकदम चटका बसतो, फरशीवर उन्हाचा चौकोन पडतो आणि सूर्य बुडाल्यावर तासाभरात खोली निवते. हे खिडकीचं दुखणं.

संध्याकाळ ठीक जाते, पण रात्री नऊनंतर उकडायला लागतं आणि पहाटेपर्यंत उकडतच राहतं. बाहेर गच्चीत मात्र छान गार असतं. हे भिंतीचं.

पंखा लावला की वरून गरम हवा अंगावर येते, पंखा बंद केला तर उलट बरं वाटतं. तुम्ही शेवटच्या मजल्यावर आहात. हे स्लॅबचं.

एसी १८ वर ठेवलाय तरी खोली २८ च्या खाली उतरत नाही, किंवा तो नेमका दुपारीच बंद पडतो आणि रात्री गुमान चालतो. हे बहुतेक वेळा एसीच्या बाहेरच्या युनिटचं.

आणि शेवटचं, सगळ्यात जास्त दिसणारं: नेट लावल्यावर उजेड गेला, वारा गेला, उकाडा तेवढा जागेवर राहिला.

दोन-दोन लक्षणं एकत्रही असतात. तरीही क्रमाने जा. खालचा क्रम फुकटापासून महागाकडे लावलाय. लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, आधी दीड टनाचा एसी घेतात आणि मग मला बोलावतात.

पहिली तपासणी: घड्याळ आणि तळहात

खर्च शून्य. एका कडक उन्हाच्या दिवशी दुपारी दोन, संध्याकाळी पाच आणि रात्री दहा अशा तीन वेळी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. मग आतल्या एखाद्या मधल्या भिंतीला लावा आणि फरक बघा. स्टुलावर चढून छतालाही लावा. कपाळावर धरायची नाही तर औद्योगिक वापराची इन्फ्रारेड गन कुणाकडे असेल तर उत्तमच, पण तळहात खोटं बोलत नाही.

हे का करायचं, तर ऊन भिंतीवर पडलं की लगेच आत येत नाही. नऊ इंची विटांची भिंत ते सहाएक तास मुरवत ठेवते. चार-पाच वाजताचं ऊन आत पोहोचतं रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकं अंथरुणावर पडायच्या वेळी. पाच इंची स्लॅब त्याहून लवकर सोडतो. काच मात्र काहीच मुरवत नाही, पडलं की आत. म्हणून तापायची वेळ कळली की उष्णतेची वाट कळते.

पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेलो होतो. खिडकीला नेट, आतून जाड पडदा, काचेवर काळी फिल्म, सगळं झालं होतं. आजींचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला. मी विचारलं, "आजी, कधी उकडतं?" तर म्हणाल्या, "अहो, दुपारी मी मस्त झोपते. रात्री ही भिंत जागी होते." एवढं अचूक निदान मला अजून इंजिनिअरकडूनही ऐकायला मिळालेलं नाही. उशीच्या मागे हात लावला तर भिंत ताज्या चहाच्या कपासारखी. खिडकीवर केलेला खर्च त्या घरात जवळजवळ वाया गेला होता. मी आधी पलंग भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, त्याचे पैसे घेतले नाहीत. बाकीचं काम पुढे सांगतो.

दुसरी: पडदा काचेच्या कुठल्या बाजूला आहे?

आतला पडदा, आतली व्हेनिशियन ब्लाइंड, आतून लावलेला थर्माकोल यांनी डोळ्यांवरची तिरीप जाते, थोडा फरकही पडतो, पण बहुतेक उष्णता घरातच राहते. ऊन काचेतून उजेडाच्या रूपात आत शिरतं, पडद्यावर आपटून त्याची उष्णता होते आणि ती उष्णता काच परत बाहेर जाऊ देत नाही. सीबीएस बसस्थानकाजवळ गाडी उन्हात लावून तासाभराने दार उघडा, समजेल. पडदा म्हणजे घराच्या आत टांगलेला गरम तवा.

आकड्यात सांगायचं तर मे महिन्यात चार-पाच वाजता पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० वॅट ऊन पडतं. चार बाय चारची खिडकी जवळजवळ दीड चौरस मीटरची. म्हणजे रोज संध्याकाळी दोन-अडीच तास खोलीत एक इस्त्री चालू ठेवून दिल्यासारखं झालं. एक टनाच्या एसीची ताकद साडेतीन किलोवॅट. त्यातला पाचवा हिस्सा ही एक खिडकीच खाते.

परीक्षा सोपी आहे. जुनी चादर किंवा ताडपत्री एक दिवस ग्रिलच्या बाहेरून बांधा, दुसऱ्या दिवशी तीच आतून लावा. सहा वाजता खोलीत उभे राहा. फरक जाणवला तर खिडकीवर पैसे घालायला हरकत नाही. नाही जाणवला तर भिंत आणि छताकडे वळा, नेट विकत घेऊ नका. तळमजला किंवा हाताला येणारी ग्रिल असेल तरच हे स्वतः करा. वाकून, बाहेर लटकून नाही.

तिसरी: एसीच्या युनिटचा श्वास

इंदिरानगरच्या एका काकांचा एसी रोज तीन ते पाच बंद पडायचा. मेकॅनिक दोनदा येऊन गॅस भरून गेला. मी गॅलरीत गेलो तर बाहेरच्या युनिटला चारही बाजूंनी हिरवी नेट गुंडाळलेली, वरून पत्रा. "ऊन लागू नये म्हणून," काका म्हणाले. हेतू चांगलाच. पण ते युनिट खोलीतली उष्णता बाहेर फेकतं, आणि फेकलेली हवा नेटला आपटून परत त्याच्याच नाकात जात होती. कात्रीने पुढची नेट कापली, दहा मिनिटांत आवाज बदलला.

युनिटला सावली द्या, फक्त वरून, आणि तीही हातभर अंतर सोडून. तोंडासमोर दोन फूट तरी मोकळं हवं. मागची जाळी धुळीने भरली असेल तर ब्रशने साफ करून घ्या. एवढं करूनही बंद पडत असेल तर तिथे थांबा. गॅस, कॉम्प्रेसर आणि कपॅसिटर हे एसीवाल्याचं काम आहे. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतो.

चौथी: नेट आहे, पण कशी आहे?

नेट ग्रिलला चिकटवून बांधली असेल तर ती स्वतः तापते आणि ती धग थेट काचेला देते. काचेपासून किमान सहा इंच, जमलं तर फूटभर लांब हवी. आणि वरची कड मोकळी हवी, कारण मधली तापलेली हवा वर निघून जायला हवी. वर-खाली-बाजूला खिळे मारून पॅक केलेली नेट म्हणजे उभा चुलाणा. माझ्या हाताखाली आलेल्या निम्म्या तक्रारी या एका बदलाने मिटल्या असतील. खर्च काय, चार ब्रॅकेट आणि मजुरी.

टक्केवारीचा घोळ फार. नर्सरीत आणि रोपवाटिकेत ५० टक्क्यांची नेट वापरतात, तीच उरलेली लोक खिडकीला आणून लावतात. आपल्याकडे द्राक्षवाल्यांची कृपा, नेट कुठेही मिळते. पण ५० टक्के म्हणजे अर्धं ऊन अडतं, अर्धं आत. पश्चिमेला ७५ किंवा ९० ची घ्या. ९० ला वारा अडतो, म्हणून ज्या खोलीला वाऱ्याची दुसरी वाट नाही तिथे ७५ बरी.

रंगावरून भांडणं होतात. पांढरी किंवा चंदेरी ऊन परतवते, चांगलीच. काळी तापते, पण उन्हात टिकते जास्त. लांब टांगली आणि वर मोकळी ठेवली तर काळीची धगही वर उडून जाते. चिकटवायची असेल तर कुठलाच रंग वाचवणार नाही. मात्र यूव्ही स्टॅबिलाइज्ड असल्याची खात्री करा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा घरात येतो. पांढरे केबल टायही वापरू नका, एका मेमध्ये कडकडा तुटतात.

वाळ्याचे पडदे आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये झकास चालतात. पाणी मारायला माणूस हवा, एवढंच.

पाचवी: खडूची रेघ, अर्थात छज्जा काय कामाचा

"छज्जा आहे की दोन फुटांचा!" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. मग मी खडू देतो. चार, पाच आणि सहा वाजता छज्ज्याची सावली खिडकीवर जिथे संपते तिथे रेघ मारा.

मेच्या मध्यावर नाशिकला पाच वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा जेमतेम एक फूट उतरते. चारला पावणेदोन फूट, सहाला अर्धा फूट. चार फुटांची खिडकी पाच वाजता पूर्ण सावलीत आणायची तर छज्जा जवळजवळ आठ फुटांचा लागेल. तेवढा कुणी देत नाही, द्यायलाही नको. दक्षिणेच्या खिडकीला हाच दोन फुटांचा छज्जा २१ मार्चच्या आसपास भरदुपारी साडेपाच फूट सावली देतो, कारण तिथे सूर्य उंचावर असतो. म्हणजे छज्जा वाईट नाही, दिशा वेगळी आहे. पश्चिमेला सावली आडवी नाही, उभी लागते: खाली सोडलेली नेट, बांबूचा गुंडाळता पडदा, उभ्या पट्ट्या, झाड.

दुसरी गंमत. २० मेच्या आसपास नाशिकला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो डोक्याच्याही उत्तरेला असतो. मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, वीस-पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून. म्हणून पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर बघत उभे राहिलात तर उन्हाळ्यातलं शेवटचं ऊन उजव्या हाताकडून येतं. समोर नेट आहे, उजवी बाजू उघडी आहे, आणि सहा वाजता पलंगावर उन्हाची पट्टी का, याचं उत्तर हे. नेट उजवीकडे दीड-दोन फूट जास्त न्या किंवा तिथे एक उभी फळी द्या. उत्तरेच्या खिडकीलाही याच कारणाने मे-जूनमध्ये संध्याकाळी ऊन लागतं. "आमची तर उत्तरेची खोली" म्हणून निश्चिंत बसलेले मी पाहिलेत.

सहावी: गॅलरीचा काचमहाल

इथे माझीच चूक सांगतो. जेलरोडला एका ताईंच्या गॅलरीवर मी पारदर्शक पॉलिकार्बोनेट टाकलं, समोर स्लायडिंग काच. पाऊस आत येऊ नये ही त्यांची अट होती, आणि पावसाळ्यात ताई खूश होत्या. मेमध्ये फोन आला, तुळस करपली. गॅलरी ही खोली आणि ऊन यांच्यामधली सावलीची जागा असते, मी तिची पेटी करून टाकली होती. पुढे वर पांढरा अपारदर्शक पत्रा टाकला आणि भिंतीकडे वरच्या बाजूला चार इंचांची फट सोडली, पावसाची पन्हाळ देऊन. काचा उन्हाळ्यात उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. निम्मं काम मला पदरमोड करून करावं लागलं.

तुमची गॅलरी बंद असेल तर आधी काचा उघडून चार दिवस बघा. पैसे नंतर.

सातवी: भिंत

आजींच्या भिंतीकडे येतो. बाहेरचा रंग गडद चॉकलेटी होता, बिल्डरची फॅशन. पांढरा किंवा फिकट रंग हा सगळ्यात स्वस्त इलाज, पण सोसायटीत एका फ्लॅटपुरता रंग बदलता येत नाही. म्हणून भिंतीपासून आठ इंच लांब हलकी चौकट उभी करून तिच्यावर बांबूची जाळी दिली. ऊन जाळीवर, मागून हवा वाहती, भिंत सावलीत. तळमजल्यावर किंवा बंगल्याला हेच काम मधुमालती, कृष्णकमळ, अगदी दोडक्याचा वेलही करतो. वेल भिंतीवर चढवू नका, तारेवर चढवा, नाहीतर मुळ्या प्लास्टरमध्ये जातात आणि पावसाळ्यात ओल येते.

भिंतीच्या कामाचा फरक पहिल्याच रात्री शोधू नका. आधीची मुरलेली उष्णता निघायला दोन-तीन रात्री जातात. नाशिकच्या रात्री निवतात, तेव्हा आठ-नऊनंतर खिडक्या उघडून बाहेरची हवा आत घ्या आणि सकाळी आठला बंद करा. हे मुंबईच्या दमट हवेत तितकंसं जमत नाही, आपल्याला जमतं. फायदा घ्या.

नवा फ्लॅट बघत असाल तर एक प्रश्न बिल्डरला आत्ताच विचारा. घरांसाठी २०१८ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची इको निवास संहिता आली. तिच्यात छत सोडून बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा आहे, आणि खिडकीबाहेरची सावली त्या हिशेबात धरली जाते. "ते गणित केलंय का?" एवढंच विचारा. उत्तरापेक्षा चेहरा बघा.

आठवी: स्लॅब

छत तापत असेल तर खिडकीवरचा कुठलाही उपाय पुरणार नाही. पहिल्यांदा चुन्याचा किंवा पांढऱ्या कूल रूफ रंगाचा हात द्या. तो पुरला नाही तर गच्चीवर सात फुटांवर नेट. नेट स्लॅबवर अंथरू नका, तिचा उपयोग थोडा आणि पावसाळ्यात खाली शेवाळ.

खांब उभे करायला स्लॅबला भोकं पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की गळती शोधण्यात नेटच्या दसपट पैसे जातात. खांब काँक्रीट भरलेल्या ड्रममध्ये उभे करा. आणि नेटची दोरी चार इंची कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला कधीच नको. वळवाच्या वाऱ्यात नेट शीड होते. मेच्या शेवटी संध्याकाळी आभाळ काळं झालं की वारा कसा सुटतो ते आपण सगळे जाणतो. मी नेटच्या एका कडेला मुद्दाम बारीक सुतळी लावतो. जोर आला की आधी सुतळी तुटते, नेट फडफडते, ब्रॅकेट आणि कठडा वाचतो. गिऱ्हाईक म्हणतं, "कच्चं काम केलं." म्हणू दे.

इथे हात आवरा

पहिल्या मजल्याच्या वर बाहेरून करायचं कोणतंही काम स्वतः करू नका. झुल्याची आणि पट्ट्याची सोय असलेला फॅब्रिकेटरच बोलवा, आणि तो पट्ट्याशिवाय चढत असेल तर त्यालाही परत पाठवा.

छज्ज्याच्या खालून गंजलेली सळई दिसत असेल, प्लास्टर फुगलं असेल, भिंतीशी चीर असेल तर त्याला सुतळीही बांधू नका. छज्जा एकाच टोकाला धरलेला असतो आणि त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वरून ड्रिल मारलं तर तीच कापली जाऊ शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय मी असं काम घेत नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी.

हाताच्या अंतरावर विजेची तार जात असेल तर लोखंडी पाइप उचलूच नका. आधी महावितरणला कळवा. पक्कं शेड, कायमचा लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची चौकट), वाढीव छज्जा यासाठी सोसायटीचं पत्र आणि महापालिकेकडे चौकशी, दोन्ही काम सुरू व्हायच्या आधी. काम झाल्यावर आलेली नोटीस मी निस्तरू शकत नाही.

छतावर ओलीचे डाग असतील तर आधी गळतीवाला, मग मी.

खर्च वसूल होतो का, हे विचारणाऱ्यांनी वीजबिल उलटून बघावं. १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त. उन्हाळ्यात एसीची युनिटं नेमकी त्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणजे वाचतं तेही महागातलं. एसी २४ वर ठेवून खोली गार होत असेल तर सावलीचं काम जमलं असं मी समजतो. आजींच्या घरी आता पंख्यावर भागतं. पलंग मात्र त्यांनी परत भिंतीला टेकवलाय.

एक राहिलं. पहिला मोठा वळीव यायच्या आत नेट सैल करा, आणि दसऱ्यानंतर दक्षिणेची पूर्ण उतरवा. निफाडला पारा घसरल्याची बातमी येते तेव्हा तेच ऊन घरात हवं असतं. उतरवलेली नेट धुऊन, वाळवून, गुंडाळून माळ्यावर टाका. उंदरांवर लक्ष ठेवा, ते आधी दोरी खातात.